चार उघडी वर्तुळं

गेनर रेबोल्डच्या पायाला भिंगरी आहे असं क्रॅडली हीथमध्ये सगळेच म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. चर्चमध्ये ती मुद्दाम शेवटच्या बाकावर बसते, म्हणजे प्रवचन लांबलं की गुपचूप उठून बाहेर एक फेरी मारून येता येतं. पबमध्ये तिचा नवरा नेव्हिल एक ग्लास बिअर तासभर पुरवतो. तेवढ्या वेळात ही बाई चार टेबलांवर विचारपूस करून, एक भांडण मिटवून आणि दुसरं लावून परत आलेली असते. डॉक्टरने रक्तदाब मोजायला पाच मिनिटं शांत बसायला सांगितलं, तर म्हणाली, "त्यापेक्षा दोन गोळ्या जास्त दे."

पावडरची बंदूक हातात असली की मात्र ती हलत नाही. कालव्याच्या काठी, जिथे पूर्वी साखळ्या घडवायचे, त्या पत्र्याच्या शेडमध्ये नवराबायकोचा कारखाना आहे. नेव्हिल वाळूच्या माऱ्याने लोखंडावरचा गंज आणि जुना रंग उडवतो. मग तो राखाडी, उघडावाघडा तुकडा गेनरच्या ताब्यात येतो. तिच्या बंदुकीतून पिठासारखी कोरडी पावडर विजेचा भार घेऊन सुटते आणि लोखंडाला जाऊन बिलगते. मग सगळं भट्टीत. तिथे पावडर वितळते, वाहते, आणि थंड झाल्यावर तिचं असं कवच होतं की पाच-दहा वर्षं त्यापुढे पावसाची, रस्त्यावरच्या मिठाची, खडीची मात्रा चालत नाही. आधी ही दोघं बागेची फाटकं आणि खुर्च्या करायची. मग कोणीतरी एका स्पोर्ट्स कारची चासी, म्हणजे गाडीचा नुसता सांगाडा, पावाच्या गाडीच्या टपावर बांधून घेऊन आला. तो भट्टीत मावेना, म्हणून नेव्हिलने भट्टीच हातभर लांब केली. तेव्हापासून फाटकं मागे पडली. आता वेल्सपासून लिंकनपर्यंतचे गाडीवेडे आपापले सांगाडे घेऊन येतात, आणि गेनर एखाद्या जोडावर बारीक चीर दिसली की खडूने गोल काढून सांगाडा परत पाठवते. चिरेवर रंग चढवून ती झाकणं तिला जमत नाही. कित्येकांना त्याचा राग येतो, तो ती ऐकून घेते.

तिची आई बिल्स्टनला एनॅमलच्या पातेल्यांच्या कारखान्यात होती. ती म्हणायची, मुलामा कुठे चढवायचा हे आठवड्यात शिकता येतं, कुठे चढवायचा नाही हे शिकायला वर्षं जातात. गेनरच्या कामातही तेच. गाडीचे दोन भाग जिथे बोल्टने आवळतात, तिथे लोखंडाला लोखंडच टेकायला हवं. मधे रंग राहिला तर पहिल्या दिवशी बोल्ट झकास घट्ट लागतो. मग हादरे बसतात, गाडी तापते, रंग दबतो आणि पिचतो. बोल्ट आपला जागच्या जागी दिसतो, पण पकड गेलेली असते. म्हणून अशा प्रत्येक जागी भट्टीला दाद न देणारी हिरवी गोल टिकली चिकटवायची, पावडर मारायची, भाजायचं, आणि तुकडा कोमट असतानाच चाकूच्या टोकाने ती टिकली अलगद उचलायची. खाली रुपयाएवढं लख्ख लोखंड उघडं राहतं. "झालं का बाई तुझं कुंकू लावून?" असं नेव्हिल रोज विचारतो, आणि त्याला रोज तेच उत्तर मिळतं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गेल्या ऑक्टोबरात आयव्हर टिबेट्स आपली चासी घेऊन आला. आयव्हर म्हणजे साखळीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, चौऱ्याहत्तरीचा, सडपातळ, अतिशय सभ्य माणूस. इतका सभ्य की बसमध्ये कोणी त्याच्या पायावर पाय दिला तर हाच माफी मागायचा. घरामागच्या शेडमध्ये सहा वर्षं खपून तो एक छोटी, बिनटपाची, दोन जणांची गाडी बांधत होता. मधेच त्याचं हृदयाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरने वेगाने गाडी हाकायला साफ मनाई केली. तेव्हा त्याची मुलगी कर्स्टी म्हणाली, "डॅड, तू बांध, मी चालवते." थॉर्नी बँकच्या टेकडीवर दर मे महिन्यात चढाईची शर्यत असते. अरुंद रस्ता, एका बाजूला कुंपण, दुसऱ्या बाजूला दगडी भिंत, वर ओकच्या झाडापाशी आंधळं वळण, आणि एका वेळी एकच गाडी सुसाट वर सोडायची. कर्स्टी त्यात उतरणार हे आयव्हरने गेनरला सांगितलं ते असं, की जणू पोरगी राणीच्या भेटीला निघाली होती.

काम झाल्यावर न्यायला आला तेव्हा तो त्या काळ्याभोर, चकचकीत सांगाड्यावरून बोटं फिरवत कितीतरी वेळ उभा राहिला. पुढच्या बाजूला, स्टीअरिंग फिरवलं की चाकं वळवणारी दांडी, म्हणजे रॅक, जिथे बसते तिथे, त्याचं बोट थांबलं. काहीतरी विचारायला त्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाला, "फार सुंदर झालंय, गेनर." मग दोघांनी उभ्याउभ्या डुकराचं मांस भरलेली एक पेस्ट्री वाटून खाल्ली आणि तो गेला.

हे सगळं ऑक्टोबरातलं. आता मे उजाडला होता, शर्यतीचा रविवार होता, आणि गेनर जेवणासाठी बटाटे सोलत होती. नेव्हिल चहाचा मग घेऊन पेपर वाचत होता. भट्टीत, म्हणजे घरातल्या, गोमांस भाजत होतं. सोलता सोलता गेनरचा हात थांबला.

आदल्या दिवशी टिकल्यांचं रीळ घेऊन पुरवठादाराचा माणूस आला होता. सही घेताना हसत म्हणाला होता, "या वेळी वेळेत आणलं हां. ऑक्टोबरात त्या म्हाताऱ्याच्या चासीच्या वेळी रीळ संपलं होतं, तेव्हा फोनवर तू माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केलास!" तीही हसली होती. हसून विसरली होती. आणि आता, बटाटा हातात असताना, तिच्या मनात पाल चुकचुकली.

"नेव्ह," ती म्हणाली, "आयव्हरची चासी केली तेव्हा टिकल्या संपल्या होत्या."

"असतील."

"मग मी रॅकच्या कानांवर काय लावलं?"

"मला काय माहीत? मी त्या दिवशी दात काढायला गेलो होतो. सुजलेलं तोंड घेऊन आलो तर चासी भट्टीत होती."

"रुंद चिकटपट्टी कापून लावली असणार. मी तशी विसरत नाही."

"नाहीसच विसरत. सोल बटाटे."

ती दोन बटाटे सोलू शकली. तिला त्या दिवसाचं सगळं आठवत होतं. पाऊस होता, नेव्हिल नव्हता, रेडिओवर कुणीतरी कोबीच्या रोगावर बोलत होतं. मागच्या जोडांवर तिने रबरी बुचं बसवली होती, तीही आठवली. पण पुढचे ते दोन कान, म्हणजे रॅक आवळायच्या पट्ट्या, त्यांवरच्या चार जागा, तिथे पट्टी कापून लावल्याचं काही केल्या हाताला आठवेना. ती उठली, परसात गेली, परत आली, टेबलाभोवती फिरली. आयव्हरला फोन लावला. घंटा वाजून वाजून थांबली. त्याच्याकडे मोबाईल नाही, आणि कर्स्टीचा लागेना.

"अगं, टेकडीवर रेंज नसते," नेव्हिल म्हणाला. "आणि समज, रंग राहिला असता तर आयव्हरला दिसला नसता? चाळीस वर्षं साखळ्या तपासल्यात त्याने."

"साखळ्या रंगवून आवळत नाहीत, नेव्हिल!"

"बरं, माझ्यावर कशाला ओरडतेस?"

"दुसरं कोण आहे इथे?" असं म्हणून तिने ॲप्रन सोडला, व्हॅनची किल्ली घेतली. "मांस बघ. पुडिंगचं पीठ फ्रीजमध्ये आहे. जाळलंस तर घटस्फोट."

शहर संपून बांधांचा आणि कुंपणांचा रस्ता सुरू झाला तशी तिची अस्वस्थता पायातून हातात उतरली. पुढे एक ट्रॅक्टर होता. त्याच्या पुढे घोड्यावरच्या दोन बायका. गेनरने हॉर्न वाजवला नाही, कारण घोडा बुजला असता, पण स्टीअरिंगवर तिची बोटं सारखी वाजत होती. डोक्यात एकच चित्र फिरत होतं. कर्स्टी ओकच्या वळणावर चाक वळवतेय, आणि रॅक आपल्या जागेवरून सरकतेय, आणि चाकं ऐकत नाहीत. ती भिंत गेनरने पाहिली होती. जुनी, दगडाची, गुडघ्याएवढी. मधेच दुसरं मन म्हणायचं, लावली असशील गं पट्टी, उगाच चारचौघांत जाऊन शोभा करून घेशील. मग उद्यापासून कोण तुझ्याकडे चासी आणेल? झाकली मूठ झाकलीच राहू दे. हा विचार आला आणि तिला स्वतःची इतकी किळस आली की तिने खिडकीची काच खाली केली.

थॉर्नी बँकला गाड्या नासपतीच्या बागेत उभ्या करतात. झाडाखाली टेबलं, चहाचे थर्मास, बेकन-पावाचा वास, गाडीखाली उताणे पडलेले पुरुष आणि त्यांना स्पॅनर देणाऱ्या कंटाळलेल्या बायका. गेनर व्हॅन वाटेल तशी लावून धावत सुटली. आयव्हरची गाडी सुरुवातीच्या रेषेच्या रांगेत उभी होती, तिच्या पुढे फक्त तीन गाड्या. पुढचं झाकण अजून उघडंच होतं, आणि त्या उघड्या झाकणातून दिसणाऱ्या काळ्या नळ्यांकडे बघत दोन-तीन जण वा वा करत होते. कोट-टाय घातलेला आयव्हर लाजून लाल झाला होता.

"हीच ती!" गेनर दिसताच तो आनंदाने म्हणाला. "हिचंच काम. पोरी, तू आलीस! बघितलंत का, अजून पाण्यासारखं दिसतंय."

सगळे तिच्याकडे वळले. कोणीतरी हात पुढे केला. आता या घटकेला बोलायचं, याहून अवघड गोष्ट तिने आयुष्यात केली नव्हती.

"आयव्हर, गाडी रांगेतून बाहेर काढ."

"काय?"

"रॅकचे बोल्ट बघायचेत. मला वाटतं मी खाली रंग ठेवलाय. नक्की माहीत नाही. पण कर्स्टी जाणार नाही, आधी बघू."

"मी स्वतः आवळलेत ते, गुरुवारी. काल सरावाला गाडी धावलीसुद्धा," आयव्हर म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरचा लाल रंग उतरला होता.

हेल्मेट मांडीवर घेऊन बसलेली कर्स्टी म्हणाली, "आंटी गेनर, माझा नंबर आलाय. दुपारी बघू ना."

"दुपारी तू असशील की नाही तेच मला माहीत नाही, बाई!" गेनर ओरडली. नारंगी कोटातला पंच येऊन म्हणाला की रांग सोडली तर पहिली फेरी गेली. "जाऊ दे," गेनर म्हणाली, आणि स्वतःच गाडीच्या नाकाला खांदा लावून ती ढकलायला लागली. शेवटी आयव्हरनेही तिच्या शेजारी हात लावला.

झाडाखाली येताच आयव्हरने स्पॅनर काढला. गेनरने तो त्याच्या हातातून घेतला. डावीकडच्या पहिल्या बोल्टला लावला आणि जोर लावायच्या आधीच तो फिरला. आवळलेला नट फिरवताना मनगटाला जो विरोध होतो, तो नव्हताच. दुसराही तसाच. कर्स्टी गाडीतून उतरली होती. तिने तो नट फिरताना पाहिला आणि ती गवतात खाली बसली.

म्हणजे खरंच आपण विसरलो. तिने बोल्ट काढले, रॅक उचलली, आणि चासीच्या कानावरची ती जागा बघायला वाकली. काळीच होती. पण ते काळं तिचं नव्हतं. त्यावर ब्रशच्या रेघा होत्या. पावडरला रेघा नसतात. तिने नखाने खरवडलं तर रंग मऊ सालीसारखा निघाला, आणि खाली लख्ख लोखंड निघालं. त्याच्या काठाला बारीक कोपरे होते. रुंद पट्टी कात्रीने गोल कापली की असेच कोपरे राहतात.

तिने पट्टी लावली होती. कापली होती, लावली होती, काढली होती. एवढा मोठा दगड छातीवरून उतरला की तिला हसूच फुटलं. मोठ्याने हसली ती. आणि हसता हसता तिची नजर आयव्हरकडे गेली, तसं ते हसू तिला तोंडातच कडू लागलं. तो नासपतीच्या बुंध्याला टेकला होता आणि त्याचे ओठ हलत होते.

"मी," तो म्हणाला. "मी रंगवलं ते."

"तू?"

"चार जागा सुटल्यात असं वाटलं. एवढं सुंदर काम, आणि समोरच चार उघडे गोल. म्हटलं, बिचारी नेव्हिल नव्हता म्हणून गडबडीत राहून गेलं असेल. तुला सांगितलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं. म्हणून घरी जाऊन मीच एनॅमल पेंटचे चार हात दिले. पावडरच्या जाडीइतके. कोणी बघितलं तर तुझ्या नावाला बट्टा नको."

या देशात माणसं सभ्यपणापायी मरतात, असं तिची आई म्हणायची, आणि गेनर ते नेहमी थट्टेवारी न्यायची. "अरे देवा, आयव्हर," ती म्हणाली, "विचारायचं नाहीस का? एक शब्द विचारायचा! मी वाईट वाटून मेले नसते. तुझी पोरगी मेली असती!"

बोलून झाल्यावर तिला वाटलं की हे जरा जास्तच झालं. पण मागे घेण्यासारखं त्यात काही नव्हतं. आयव्हर कोटाच्या बाहीने डोळे पुसत होता. आणि त्याच क्षणी तिच्या लक्षात आलं की आपणही त्याला एक शब्द सांगितला नव्हता. ते गोल उघडे का आहेत हे तीस वर्षांत तिने एकाही गिऱ्हाइकाला सांगितलं नव्हतं. ज्याला गाडी बांधता येते त्याला एवढं कळत असणारच, त्याला काय शिकवायचं, तो अपमान होईल, असं तिला वाटायचं. म्हणजे सभ्यपणाचा रोग एकट्या आयव्हरला नव्हता.

"चल, रड नंतर," ती त्याला म्हणाली, जरा हळू आवाजात. "तुझ्याकडे कानस आहे का? आण."

तासभर दोघं गवतात गुडघ्यांवर बसून चारही जागा घासत होती. कर्स्टीने न सांगता चहा आणून ठेवला, तो गार झाला. पलीकडच्या गाडीवाल्याने नव्या वॉशर दिल्या. आयव्हरने प्रत्येक जागेवर बोट फिरवून गेनरकडे बघायचं, तिने मान हलवायची, मग पुढची. बोल्ट तोच आवळायला लागला तेव्हा ती बाजूला झाली. त्याने आवळले, तिने पुन्हा स्पॅनर लावून बघितले, मग त्याने पुन्हा बघितले, मग तिने. कर्स्टी म्हणाली, "आता गाडीच तुटेल दोघांच्या हातून," तेव्हा कुठे थांबले.

दुसऱ्या फेरीला पंचाने नंबर पुकारला. कर्स्टी गाडीत बसली, पट्टे आवळले, हेल्मेट चढवलं. गाडी रेषेकडे निघाली तशी गेनर आणि आयव्हर बाजूने चालत गेली. रेषेपाशी कर्स्टीने हेल्मेटची काच वर केली. बापाकडे नाही, तिने गेनरकडे बघितलं.

"आंटी गेनर, जाऊ ना मी?"

गेनरला हे कोणीच कधी विचारलं नव्हतं. तिने रंगवलेला सांगाडा गिऱ्हाइकाच्या गाडीवर चढून निघून जायचा. पुढे त्या सांगाड्यावर कोण बसतं, किती वेगाने जातं, हे तिला कधी बघावं लागलं नव्हतं. आत्ता ते डोळ्यांसमोर बसलं होतं, छत्तीस वर्षांचं, हेल्मेटमध्ये घाबरलेल्या डोळ्यांचं. नको जाऊस, उतर, घरी चल, मांस भाजलंय, असं सगळं तिच्या जिभेवर आलं. चारही बोल्ट तिने स्वतः बघितले होते. दोनदा. तरी जीव टांगणीलाच होता, आणि तो तसाच राहणार हे तिला कळत होतं.

"जा," ती म्हणाली.

कर्स्टीने काच खाली केली आणि गाडी सुटली. कुंपणाच्या पलीकडे ती लगेच दिसेनाशी झाली, नुसता आवाज राहिला. वर वर जाणारा, भिंतीवर आपटून परत येणारा. आयव्हरने गेनरचा हात धरला होता, चांगला दुखेल इतका. ओकपाशी आवाज एकदम पडला. गेनरने डोळे मिटले. बाजूला कोणीतरी च्युइंगम चघळत होतं, तेवढंच ऐकू येत होतं. मग आवाज पुन्हा उठला, सरळ चढला आणि वर कुठेतरी जाऊन शांत झाला.

भोंग्यातून माणसाने वेळ सांगितली. किती सांगितली ते दोघांपैकी कोणीच ऐकलं नाही. "पोचली," आयव्हर म्हणाला. "पोचली रे," गेनर म्हणाली, आणि दोघंही सगळ्यांसमोर भोकाड पसरून रडायला लागली.